कुणाची जीभ, कुणाचं नाक?

(स्त्री-आरोग्यावर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘ऑर्गनॉइड’ असा शब्द छापला आहे आणि सकाळच्या चहाला तिघीचौघींनी मला गाठून विचारलं, की बाई, हे काय आणखी? काल आपण गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांबद्दल बोललो, बीडच्या ऊसतोड बायांबद्दल बोललो. आज दुपारी औषधांच्या किमतींवर बोलायचं आहे. मध्येच प्रयोगशाळेत वाढवलेल्या जिभेच्या नि नाकाच्या पेशी कशाला, असं वाटणं साहजिक आहे. मी जीवशास्त्र शिकवते, मला हा विषय आवडतो, हे एक कारण झालंच. दुसरं कारण असं, की नवी औषधं कशावर तपासायची याची रीत सध्या जगभर बदलते आहे. ती बदलत असताना आपण लक्ष दिलं नाही, तर पुढे वीस वर्षं निवेदनं देत फिरावं लागतं. हा अनुभव आपल्याला आहे.

आधी एक छोटा प्रयोग करू. बडीशेपेची वाटी फिरवते आहे, प्रत्येकीने चिमूटभर घ्या. आता एका हाताने नाक घट्ट दाबा आणि मग बडीशेप चावा. काय लागतंय? थोडं गोडसर, बाकी भुसा चावल्यासारखं. आता नाक सोडा. आली ना बडीशेप? जिभेला कळतं ते फार थोडं: गोड, खारट, आंबट, कडू, आणि ज्याला जपानी लोकांनी उमामी हे नाव दिलं ती पाचवी चव, जी आपल्याला सुकटीत किंवा पिकलेल्या टोमॅटोत सापडते. तिखट ही या हिशेबात चव नाही, ती जळजळ आहे, दुखण्याच्या मज्जातंतूंमार्फत येते. (आपल्या सहा रसांचं काय, असं कोणी तरी विचारणारच. त्यावर जेवताना भांडू.) बाकी जिरं, हिंग, कोथिंबीर, कढीपत्ता, खरपूस भाजलेलं खोबरं, हे सगळं नाकाचं काम. घास चावला की त्याचा वास घशाच्या मागून वर नाकात चढतो आणि आपण म्हणतो चव आली.

जिभेवर जे बारीक उंचवटे दिसतात त्यांच्यात रुचिकलिका असतात. सूक्ष्मदर्शकाखाली रुचिकलिका लसणाच्या गड्ड्यासारखी दिसते, आणि तिच्यात पन्नास ते शंभर पेशी पाकळ्यांसारख्या चिकटून बसलेल्या असतात. कुठली पेशी गोड ओळखते, कुठली कडू, कुठली आंबट. जिभेचा तो शाळेतला नकाशा, टोकाला गोड नि मागे कडू, तो विसरा. १९०१ सालच्या एका जर्मन लेखाचा पुढे चुकीचा अर्थ लावला गेला आणि तो नकाशा पुस्तकापुस्तकांतून फिरत राहिला. नाकाचं म्हणाल, तर नाकपोकळीच्या अगदी छताला, पोस्टाच्या तिकिटाएवढ्या पडद्यात वास ओळखणाऱ्या मज्जापेशी असतात. या पेशींवरच्या वास पकडणाऱ्या ग्राहींची जनुकं लिंडा बक या बाईने आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये शोधली. त्याबद्दल दोघांना २००४ चं नोबेल मिळालं. माणसात असे सुमारे ४०० प्रकारचे ग्राही आहेत, उंदरात हजाराच्या वर.

आता महत्त्वाची गोष्ट. या पेशी कायमच्या नसतात. रुचिकलिकेतली पेशी सरासरी दहा दिवस जगते, काही जास्त टिकतात. मग ती मरते आणि तिच्या बुडाशी असलेल्या मूळपेशीपासून नवी तयार होते. नाकातल्या मज्जापेशीही आयुष्यभर नव्याने बनत असतात. आपल्याला शिकवलं जातं की मज्जापेशी एकदा गेली की गेली, त्याला हा मोठा अपवाद आहे. म्हणजे आपल्या तोंडात आणि नाकात एक न थांबणारा कारखाना चालू असतो. किमोथेरपीने, किरणोपचाराने, विषाणूने तो बंद पडला तर चव जाते, वास जातो. उंदरांच्या डोक्यामानेला किरणं देऊन पाहिलं तेव्हा असं दिसलं, की मूळपेशींचं विभाजन थांबतं. असलेल्या पेशी आपलं आयुष्य संपवून मरतात आणि त्यांच्या जागी नवीन येत नाहीत. म्हणून चव लगेच जात नाही, काही दिवसांनी जाते. आपल्याकडे मिश्री लावणाऱ्या, तंबाखू खाणाऱ्या कितीतरी बाया तोंडाच्या कर्करोगाने उपचारांपर्यंत पोचतात. त्यांच्यातल्या कुणाशी बोलला असाल तर ‘सगळं मातीसारखं लागतं’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल.

आणि कोविड. आमच्या गटातली एक बाई पोळीभाजीचे डबे करते. २०२१ च्या लाटेत तिचा ताप चार दिवसांत उतरला, वास मात्र आठ महिने परतला नाही. आणि परतला तो उलटा होऊन. कांदा परतायला घेतला की तिला गटाराचा वास यायचा. लसूण, कॉफी, तळण, हेच पदार्थ असा विपरीत वास देतात हे बऱ्याच देशांतल्या रुग्णांनी सांगितलं आहे, तिचं काही वेगळं नव्हतं. पण तिच्या घरात काय झालं? डाळ दोनदा करपली. दूध नासलेलं कळलं नाही. गिऱ्हाइकं म्हणाली, ‘हल्ली हाताला चव राहिली नाही.’ हाताला! नाकजिभेचं सगळं श्रेय आपण हाताला देतो, आणि दोषही हातालाच. ज्या डॉक्टरकडे ती गेली त्यांनी सांगितलं, जीव वाचला ना, मग वासाचं काय घेऊन बसलात. तिचे निम्मे डबे सुटले. गॅस गळाला तर कळावं म्हणून सिलेंडरमधल्या वायूत मुद्दाम घाण वासाचं रसायन मिसळतात. ते ज्या बाईला येत नाही ती दिवसाचे सहा तास शेगडीपुढे उभी असते. हे आजारपण कुठल्या रकान्यात लिहायचं?

माझं म्हणणं असं आहे, की वास आणि चव या गोष्टी वैद्यकशास्त्राने इतकी वर्षं दुय्यम मानल्या यामागे त्या कुणाच्या कामाची हत्यारं आहेत याचाही वाटा आहे. सुताराचा अंगठा गेला तर नुकसानभरपाईचा तक्ता असतो. रांधणाऱ्या बाईच्या नाकाचा तक्ता नाही.

दुसरी अडचण मात्र खरोखर शास्त्रातली होती. या पेशी अभ्यासायच्या कशा? जिभेतून काढून बशीत ठेवल्या की थोड्या काळात मरतात. म्हणून बरीच वर्षं शास्त्रज्ञ काय करत, तर दुसऱ्याच कुठल्या तरी चिवट पेशीत चवीच्या ग्राहीचं जनुक घालत आणि तिच्यावर साखर किंवा कडू रसायन टाकून पाहत. या कामासाठी सर्वांत जास्त वापरली गेलेली पेशी म्हणजे एचईके-२९३. ती १९७३ च्या सुमाराला नेदरलँड्समध्ये लायडन इथे, गर्भपातानंतरच्या एका गर्भाच्या मूत्रपिंडातून वाढवली. तो गर्भ ज्या बाईचा होता ती कोण, तिने गर्भपात का केला, हे तो प्रयोग करणाऱ्या शास्त्रज्ञालाही पुढे सांगता आलं नाही. माहिती हरवली, असं त्याने सांगितलं. आज नव्या गोडीचे, नव्या स्वादाचे पदार्थ शोधायला या पेशी वापरल्या जातात. गर्भपाताच्या हक्काविरुद्ध बोलणारे लोक या पेशीचं नाव घेऊन आरडाओरडा करतात. त्यांना गर्भाची काळजी आहे. मला त्या बाईची वाटते.

मग २००९ मध्ये नेदरलँड्समधल्याच उट्रेख्टला, हुब्रेख्ट संस्थेत, हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेत तोशिरो सातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या आतड्यातली एकच मूळपेशी घेऊन तिच्यापासून आतड्याच्या अस्तराची छोटीशी प्रतिकृती वाढवली. यालाच ऑर्गनॉइड म्हणतात, म्हणजे अवयवासारखं. अवयव नव्हे. त्यात रक्तवाहिन्या नाहीत, मज्जातंतू नाहीत, आकार खसखशीच्या दाण्याएवढा किंवा त्याहून लहान. पण पेशी सपाट थरात न वाढता तिन्ही दिशांना वाढतात आणि शरीरात ज्या क्रमाने वेगवेगळ्या प्रकारच्या होतात त्याच क्रमाने इथेही होतात.

करतात कसं ते सांगते, कारण यात जादू काही नाही, विरजण लावण्याइतकीच निगुतीची गोष्ट आहे. ऊतीचा बारीक तुकडा घ्यायचा, विकरांनी त्यातल्या पेशी सुट्या करायच्या, मूळपेशी निवडायच्या. त्या मॅट्रिजेल नावाच्या मऊ जेलीत बसवायच्या. ही जेली उंदराच्या एका गाठीपासून काढतात, म्हणजे ‘प्राणी वाचवणारं तंत्र’ असं ज्याचं कौतुक होतं त्याच्या पायाशीही उंदीर आहेतच. वर पोषक द्रव घालायचा आणि त्यात वाढीचे संकेत देणारी प्रथिनं. त्यातल्या एकाचं नाव लक्षात ठेवा, आर-स्पाँडिन. मग उबदार पेटीत ठेवून काही दिवसांनी द्रव बदलत राहायचं.

जिभेवर हे काम पुढे नेलं अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मोनेल केंद्राने. ही संस्था १९६८ पासून फक्त चव आणि वास यांवरच काम करते. तिथल्या पेइहुआ जिआंग यांच्या गटाने २०१४ मध्ये दाखवलं, की उंदराच्या जिभेच्या मागच्या भागातली एकेक मूळपेशी जेलीत वाढवली तर तिच्यापासून चवीच्या पेशी तयार होतात, आणि त्यांच्यावर चवीचे पदार्थ टाकले की त्या प्रतिसादही देतात. रुचिकलिकेचा तो लसणाच्या गड्ड्याचा आकार हुबेहूब येत नाही, पण पेशी खऱ्या.

इथे मला फार आवडणारी एक गोष्ट आहे. जिभेचा मज्जातंतू कापला तर रुचिकलिका सुकून जातात, हे फार पूर्वीपासून माहीत होतं. मज्जातंतू त्यांना जगवतो. मग बशीत मज्जातंतू नसताना चवीच्या पेशी तयार झाल्या कशा? उत्तर त्या द्रवातच होतं. २०२१ मध्ये मोनेलच्याच गटाने दाखवलं, की उंदराचा मज्जातंतू कापल्यावरही त्याला आर-स्पाँडिन पुरवलं तर चवीच्या पेशी पुन्हा तयार होतात. म्हणजे मज्जातंतू जे पोसण्याचं काम करतो त्यातला मोठा भाग या एका संकेताने भरून निघतो. बशीतली एक लहानशी विसंगती धरून ठेवली म्हणून हे कळलं. किरणोपचाराने चव गेलेल्या बाईसाठी उद्या यातून काही निघेल का? निघू शकेल. आज निघालेलं नाही. हे मी मुद्दाम ठासून सांगते, कारण ‘मूळपेशी उपचारा’च्या जाहिराती तुमच्या वस्तीतही आल्या असतील. चव किंवा वास परत आणणारा ऑर्गनॉइडचा कुठलाही उपचार आज उपलब्ध नाही. कोणी पैसे मागत असेल तर तो फसवतो आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट सांगतात, की रक्ताच्या काही ठरावीक आजारांसाठीचं प्रत्यारोपण सोडलं तर मूळपेशींचा वापर मान्यता घेतलेल्या चाचणीबाहेर करता येत नाही.

या क्षेत्रात बायका पुष्कळ आहेत, हेही सांगायला हवं. चवीच्या पेशी कशा नव्याने बनतात यावर कोलोरॅडोच्या लिंडा बार्लो यांचं काम आहे. काही कर्करोगांवरचं एक औषध चव का घालवतं, हे उंदरांवर उलगडणाऱ्या मिशिगनच्या शार्लट मिस्ट्रेटा. आंबट चव ओळखणारं द्वार शोधलं एमिली लिमन यांच्या प्रयोगशाळेने. पण बाई सूक्ष्मदर्शकामागे बसली म्हणजे बशीत बाईची पेशी आहे, असं मात्र होत नाही.

तर येऊ या मुद्द्यावर. पेशीलाही लिंग असतं. बाईच्या शरीरातून आलेल्या पेशीत दोन एक्स गुणसूत्रं, पुरुषाच्या पेशीत एक्स आणि वाय. बशीत हार्मोन नसले तरी ही गुणसूत्रं असतातच, आणि पेशी कधी कधी वेगळ्या वागतात. गंमत अशी, की वर्षानुवर्षं शोधनिबंधांत पेशी नर की मादी हे लिहिण्याचीच पद्धत नव्हती. २०१४ मध्ये शेवटी काही संशोधकांनी ‘तुमच्या पेशींचं लिंग तुम्हाला माहीत आहे का’ असं शीर्षक देऊन लेख लिहिला. प्राण्यांचीही तीच कथा. २०११ मध्ये अनालिझ बीरी आणि अर्व्हिंग झुकर यांनी मोजणी केली. जीवशास्त्राच्या दहापैकी आठ शाखांत नर प्राण्यांकडे कल होता, आणि मज्जाशास्त्रात तर फक्त माद्यांवरच्या एका अभ्यासामागे फक्त नरांवरचे साडेपाच. कारण काय देत? माद्यांचं पाळीचक्र निकाल बिघडवतं. म्हणजे आपलं शरीर ही प्रयोगातली अडचण!

याची किंमत कोण देतं? झोपेचं झोल्पिडेम हे औषध अमेरिकेत १९९२ मध्ये आलं. बायकांच्या शरीरातून ते हळू बाहेर पडतं आणि सकाळी गाडी चालवतानाही अंमल उरतो, म्हणून बायकांसाठी मात्रा निम्मी करा, असा आदेश तिथल्या औषध प्रशासनाने दिला २०१३ मध्ये. एकवीस वर्षांनी.

आता ऑर्गनॉइडचं महत्त्व का वाढतंय ते बघा. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेने कायदा बदलला आणि नव्या औषधासाठी प्राण्यांवरच्या चाचण्यांची सक्ती काढली. मार्च २०२३ मध्ये भारतानेही नव्या औषधांच्या नियमांत दुरुस्ती केली आणि प्राण्यांऐवजी पेशीसंवर्धन, ऑर्गनॉइड, चिपवर बसवलेले अवयव अशा पद्धतींनाही जागा दिली. उंदरापेक्षा माणसाची पेशी माणसाबद्दल जास्त खरं सांगेल, त्यामुळे मला हे पाऊल चांगलंच वाटतं. कडू औषध मुलांना पाजणं किती अवघड असतं ते इथे सगळ्यांना माहीत आहे. कडवटपणा कमी करणारं काही शोधायचं तर माणसाच्या चवीच्या पेशी हव्यातच, कारण माणसाला कडू ओळखणारे सुमारे २५ ग्राही आहेत आणि ते उंदराचे नव्हेत. पण या पेशींच्या पेढ्या आज उभ्या राहताहेत. त्यांत बायकांच्या किती, गरोदर असलेल्यांच्या किंवा पाळी थांबलेल्यांच्या किती, चुलीच्या धुरात तीस वर्षं काढलेलं नाक त्यात आहे का, हे आत्ता विचारायचं. एकदा पेढी भरली की सगळे तीच वापरतात.

याच्या उलट टोकालाही सावध राहावं लागतं. २०१४ मध्ये ब्राझीलच्या संशोधकांनी मेलेल्या १८ माणसांच्या मेंदूंतला वासाचा भाग तपासला आणि बायकांमध्ये पेशी सरासरी ४३ टक्के जास्त आढळल्या असं प्रसिद्ध केलं. सात पुरुष, अकरा बायका, एवढ्यावर. लगेच कुणाला तरी सुचणारच, की म्हणजे निसर्गानेच स्वयंपाकघर कुणाचं ते ठरवलंय. फरक शोधावेत जरूर, पण त्याचं पोळपाट-लाटणं करू नये.

आता संमतीचं. हेन्रिएटा लॅक्स हे नाव तुमच्यापैकी अनेकींना माहीत आहे. बाल्टिमोरची ३१ वर्षांची काळी स्त्री. १९५१ मध्ये जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात तिच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतल्या पेशी तिला न विचारता घेतल्या. ती त्याच वर्षी वारली. हेला या नावाने त्या पेशी जगभर वाढल्या, विकल्या गेल्या. तिच्या वारसांशी एका मोठ्या कंपनीने तडजोड केली २०२३ मध्ये. आणि हे लांबच्या देशातलं म्हणून सोडून देऊ नका. १९८५ साली आंध्रातल्या पटनचेरूला नेट-एनच्या इंजेक्शनसाठी जमवलेल्या बायांना हा प्रयोग आहे हे कोणी धड सांगितलं नव्हतं. हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेच्या बायका तिथे पोचल्या, जाब विचारला, आणि १९८६ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं.

मूळपेशींच्या बाबतीत तर बाईच्या शरीराचा प्रश्न सुरुवातीपासून आहे. दक्षिण कोरियात ह्वांग वू-सुक या शास्त्रज्ञाने मानवी भ्रूणाची प्रत करून मूळपेशी काढल्याचा दावा २००४ आणि २००५ मध्ये केला. तो खोटा निघाला, निबंध मागे घेतले गेले. पण त्या खोट्यासाठी शंभराहून अधिक बायकांची दोन हजारांहून जास्त बीजांडं वापरली गेली होती. त्यांत त्याच्याच हाताखाली काम करणाऱ्या स्त्रिया होत्या, काहींना पैसे दिले होते. वर्तमानपत्रांनी लिहिलं ते शास्त्राच्या फसवणुकीबद्दल. बीजांडं काढण्यासाठी इंजेक्शनं टोचून घेतलेल्या बायांचं पुढे काय झालं, हा प्रश्न तिथल्या स्त्री संघटनांनाच लावून धरावा लागला. आपल्याकडे २०२१ च्या कायद्याने बीजांड देणाऱ्या बाईवर आयुष्यात एकदाच आणि सातच बीजांडं अशी मर्यादा घातली, त्याची अंमलबजावणी कशी होते तो वेगळ्या सत्राचा विषय.

जिभेच्या आणि नाकाच्या ऑर्गनॉइडचा एक मोठा गुण इथे दिसतो. त्याला बीजांड लागत नाही. प्रौढ माणसाच्या जिभेच्या टोकावरचे दोनचार उंचवटे पुरतात. मोनेलमध्ये स्वयंसेवकांच्या जिभेवरून असे उंचवटे घेऊन त्यांतल्या पेशी महिनोन्महिने वाढवल्या आहेत, ते काम २०११ मध्ये प्रसिद्ध झालं. नाकातून ऊती घेणं थोडं जास्त त्रासाचं, पण तेही दवाखान्यात होतं. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या गटाने २४ जणांच्या नाकातले नमुने तपासले. त्यांतल्या नऊ जणांचा वास कोविडनंतर बराच काळ गेलेला होता. त्यांच्या नाकात विषाणू उरला नव्हता, पण प्रतिकार करणाऱ्या पेशी अजून तिथे ठाण मांडून होत्या आणि वासाच्या मज्जापेशी कमी झाल्या होत्या. विषाणू थेट शिरतो तो मज्जापेशींत नव्हे, त्यांना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींत, हे २०२० मध्येच पुढे आलं होतं. म्हणजे डबेवाली सांगत होती ते खरं होतं. तिच्या नाकात काहीतरी चालू होतं, तिच्या मनात नव्हे.

नमुना लहान, म्हणून संमती लहान असं होता कामा नये. आज काढलेला कण उद्या ऑर्गनॉइड होतो, थंड पेटीत वर्षानुवर्षं राहतो, दुसऱ्या देशात जातो, कंपनीला भाड्याने दिला जातो. उट्रेख्टच्या त्या कामातून रुग्णांच्या ऊतींपासून वाढवलेल्या ऑर्गनॉइडची पेढी सांभाळणारी एक संस्था निघाली होती. ती विकत घेत असल्याचं जर्मनीच्या मर्क कंपनीने डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर केलं. यात बेकायदा काही नाही. पण ज्यांनी तुकडा दिला त्यांच्या हातात काय, हा प्रश्न उरतोच. आपल्याकडच्या परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत एक वाक्य आपल्या कामाचं आहे: नमुना ज्या व्यक्तीचा, मालकी तिची. संस्था फक्त राखणदार. नमुना मागे घेण्याचा हक्कही त्यात आहे. तेव्हा तुमच्या भागातल्या रुग्णालयात बाईला कागदावर अंगठा करायला सांगत असतील तर तो मराठीत वाचून घ्या. पेशी वाढवणार का, साठवणार का, बाहेर पाठवणार का, पैसा झाला तर काय, आणि नको म्हटलं तर उपचार थांबणार नाहीत ना, हे तिच्यादेखत विचारा. आणि तपासणीच्या नोंदीत वास नि चव यांचा रकाना घालायला लावा. किमोच्या वॉर्डात तर नक्की. त्याला पैसे लागत नाहीत.

शेवटी एक घरगुती उपयोगाचं. जर्मनीत ड्रेस्डेनच्या थॉमस हुम्मेल यांच्या गटाने २००९ मध्ये वास गेलेल्यांसाठी सरावाची एक पद्धत प्रसिद्ध केली. चार वास: गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग. सकाळ-संध्याकाळ प्रत्येक वास काही सेकंद लक्षपूर्वक हुंगायचा, बारा आठवडे. सगळ्यांना गुण येतो असं नाही, पण अनेकांना येतो, आणि अपाय नाही. तशा चार बाटल्या मी मागच्या टेबलावर ठेवल्या आहेत. जेवणाआधी डोळे मिटून हुंगून पाहा. निलगिरीचा गारवा वास गेलेल्या माणसालाही जाणवतो, त्यावर फसू नका. चारांतला एखादा वास मुळीच आला नाही तर मला येऊन सांगा. नाव लिहिणार नाही, कधीपासून एवढंच विचारेन.